पंगतीतून वाढलेला धर्म

आपल्या दिव्यावरून तपोवन एक्सप्रेस नांदेडला जाते. त्या स्टेशनाचं नावच 'हुजूर साहिब नांदेड' आहे. पंजाबात सुरू झालेला शीख धर्म आपल्या गोदाकाठी कसा पोचला, त्याला पहिली माणसं कोण मिळाली, ते आज पाहू.

गुरू नानकांचा जन्म १४६९ सालचा. शीख परंपरा सांगते, की त्यांची थोरवी सगळ्यांत आधी ओळखली ती थोरल्या बहिणीनं, बेबे नानकीनं. मग सोबतीला आला मर्दाना, रबाब वाजवणारा मुसलमान. सुरुवात अशी घरातून आणि गाण्यातून झाली.

दुसऱ्या गुरूंच्या, अंगददेवांच्या पत्नी माता खीवी. लंगर म्हणजे सर्वांसाठी मोफत पंगत. ती खीवींनी सांभाळली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांचं नाव आदरानं आलं आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी तर रीतच घातली: आधी पंगतीला बसा, मग भेटायला या. जात, हुद्दा बाजूला ठेवून सगळे एका रांगेत जमिनीवर. सती आणि पडदा यांनाही त्यांनी विरोध केला. धर्म गावोगाव नेण्यासाठी त्यांनी २२ केंद्रं नेमली. त्यांना 'मंजी' म्हणत, म्हणजे खाट.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला दहावे गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथ उभा केला. डोकं द्यायला कोण तयार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा पाच जण उठले. परंपरेनुसार त्यांत पुरीचे पाणी भरणारे होते, द्वारकेचे कापड छापणारे होते आणि लातूर-नांदेडला लागून असलेल्या बीदरचे नाभिक साहिबचंदही होते. त्यांना अमृत देऊन गुरूंनी स्वतः त्यांच्याच हातून अमृत घेतलं.

१७०८ मध्ये गुरू नांदेडला आले. तिथल्या माधोदास बैराग्याला त्यांनी दीक्षा दिली, तेच बंदासिंग बहादूर. त्याच वर्षी तिथेच गुरूंचा देह ठेवला गेला. जाण्याआधी त्यांनी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं १६०४ पासूनच होती. नामदेव शीख नव्हते, ते नानकांच्याही आधीचे. पण शिंप्याच्या घरातल्या संताचे शब्द तिथे गुरूंच्या शब्दांशेजारी बसले.

पंगत हा शब्द आपलाही. पण आपल्या पंगतीत बायका शेवटी, उरलंसुरलं घेऊन बसतात. गटाच्या बैठकीत डबे उघडले की कोण कोणापासून सरकून बसतं, तेही आम्ही पाहतो. कर्जाचा हप्ता आपण एकाच वहीत लिहितो, मग भाकरी वेगळी का?

या महिन्याच्या बैठकीत एवढं करू या. डबे मध्ये ठेवू, एका रांगेत बसू, आणि वाढायची पाळी दर वेळी वेगळ्या दोघींची. काय झालं ते आम्हाला कळवा.