सरहद्दीवरची मैत्री

पावसाळ्यात नळदुर्गच्या पाणीमहालावरून बोरी नदी कोसळू लागली की तो देखावा पाहण्यास आपण आवर्जून जातो. परंतु एकेकाळी हा किल्ला आदिलशाही व निजामशाही यांच्या सरहद्दीवर होता, हे सहसा ध्यानात येत नाही. सैन्य कोणाचेही येवो, सरहद्दीवरच्या माणसाला तग धरावाच लागतो.

या भूमीची कथा लिहिली फिलिप मेडोज टेलर याने. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा पंधरा वर्षांचा असताना मुंबईस आला आणि निजामाच्या चाकरीत शिरला. १८५३ च्या तहान्वये नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आला, तेव्हा त्याचा कारभार टेलरकडे सोपविण्यात आला. १८६३ साली त्याची ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

तारा ही तुळजापूरच्या एका शास्त्र्यांची बालविधवा कन्या. अफजलखानाच्या स्वारीत तिची आईवडिलांपासून ताटातूट होते. आसरा मिळतो तो मात्र त्याच खानाच्या कुटुंबात. खानाची कन्या झैना तिची जिवलग मैत्रीण होते.

१६५९ चा प्रतापगडचा प्रसंग हा इतिहास. या दोघींची मैत्री ही कल्पना. शिवाय लेखक परक्या सत्तेचा अधिकारी, म्हणून त्याची दृष्टी पारखूनच घ्यावी. कादंबरीही मुलांसाठी लिहिलेली नाही. तथापि लढायांच्या सनावळ्या पाठ करणाऱ्या आपल्या मुलांना, शत्रूच्या घरातही माणूस भेटतो, हे कोण सांगणार? नळदुर्ग दाखविताना वडीलधाऱ्यांनी ही गोष्टही सांगावी, असे आम्हांस वाटते.