पेशीच्या घरांतील पाहुणा

गोड्या मसाल्यांत आपण जें दगडफूल घालतो, तें फूल नव्हे, आणि खरें पाहतां ती एक वनस्पतीहि नव्हे. ती एक बुरशी असून तिच्या अंगांत शैवालाचे सूक्ष्म कण वस्तीला असतात. बुरशी आसरा व ओल देते. शैवाल उन्हावर दोघांचें अन्न शिजवतें. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनीं १८६७ सालीं हें सांगितलें, तेव्हां दगडफुलांच्या अभ्यासांत ज्यांची हयात गेली होती अशा पंडितांना तें मुळींच रुचलें नाहीं. ज्यांना एकेक जीव मानून आपण नांवें दिलीं, ते दोन दोन जीवांचे संसार निघावेत, हा त्यांना अपमानच वाटला! तथापि श्वेंडेनर यांचेंच म्हणणें खरें ठरलें, आणि पेशीच्या इतिहासांतील एका फार मोठ्या कल्पनेस या दगडफुलानेंच वाट दाखवली.

पानांतील पेशींत हिरवे बारीक कण असतात. त्यांना आपण हरितकण म्हणूं. पेशी हे कण नव्यानें घडवीत नाहीं, जुन्या कणाचे दोन भाग होऊनच नवे कण होतात, हें जर्मन शास्त्रज्ञ शिंपर यांच्या १८८३ सालीं ध्यानांत आलें. मग हे कण मूळचे पेशीचे कीं बाहेरून आलेले? शिंपर यांनीं ही शंका एका तळटीपेंत नोंदवून सोडून दिली. रशियांतील काझान येथें दगडफुलांचा अभ्यास करणाऱ्या मेरेश्कोव्स्की यांनीं मात्र १९०५ सालीं तिला सिद्धांताचें रूप दिलें: हरितकण हा एके काळचा स्वतंत्र नील-हरित जीव असून तो दुसऱ्याच्या पेशींत शिरला व तेथेंच नांदूं लागला.

अमेरिकेंतील वॉलिन यांनीं १९२७ सालीं ग्रंथ लिहून हाच न्याय मायटोकाँड्रियांना लावला. (आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायु बहुतेक सारा पेशींतील या कणांच्याच भट्टींत खर्चीं पडतो.) परंतु हे कण पेशीबाहेर काढून आपण वाढवले आहेत, असाहि दावा त्यांनीं केला, आणि इतरांच्या मतें ते बाहेरून मिसळलेले साधे जंतु होते. कच्च्या साक्षीनें खरा खटला बुडावा, तसें झालें. पेशीशास्त्राचे अध्वर्यु ई. बी. विल्सन यांनीं १९२५ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, असले तर्क शास्त्रज्ञांच्या सभ्य बैठकींत काढण्याजोगे पुष्कळांना वाटणार नाहींत. हें पुढें सर्वांनीं उचललें. मात्र कधीं काळीं त्यांचा गंभीरपणें विचार करावा लागणें शक्य आहे, असेंहि त्यांनीं लागूनच म्हटलें होतें, तें बहुधा गाळलें जातें.

मला स्वतःला यांत विल्सन यांचा दोष दिसत नाहीं. कण जंतूसारखा दिसतो एवढ्यावरून त्याचें कुळ कसें ठरणार? नुसत्या चेहऱ्यावरून वारसाहक्क कोणतें न्यायालय देईल? कागद हवा होता, आणि तो वाचण्याची विद्याच तेव्हां नव्हती.

१९६२ सालीं रिस व प्लॉट यांना हरितकणांत, आणि १९६३ सालीं मार्गिट व सिल्व्हन नास यांना मायटोकाँड्रियांत डी. एन. ए.चे धागे आढळले. आनुवंशिकतेचें सारें दप्तर केंद्रकांतच असतें असें मानीत होते. आतां भाडेकऱ्याच्या ट्रंकेंत त्याचें स्वतःचें खातेंपुस्तक निघालें. १९६७ सालीं लिन सेगन या एकोणतीस वर्षांच्या विदुषीनें हे सारे धागे एका निबंधांत गुंफले. पंधरांच्या आसपास नियतकालिकांनीं तो नाकारला होता, असें त्यांनींच पुढें सांगितलें. लिन मार्गुलिस या नांवानें त्या जगाला माहीत आहेत.

निकाल लागला तो १९७५ पासून. कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें लिंडा बोनेन व फोर्ड डूलिटल यांनीं एका लाल शैवालाच्या हरितकणांतील आर. एन. ए. तपासलें. तें यजमान पेशीच्या आर. एन. ए.शीं जुळेना, जुळलें तें जीवाणूंशीं. लवकरच गव्हाच्या मायटोकाँड्रियांचेंहि तसेंच निघालें. पेशींच्या हलत्या शेपट्याहि मळसूत्री जीवाणूंपासून आल्या, हा मार्गुलिस यांचा आणखी एक दावा मात्र पुराव्याअभावीं पडून राहिला. २०११ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तो सोडला नाहीं. जो हट्ट एका ठिकाणीं फळला, तोच दुसऱ्या ठिकाणीं वायां गेला.

१९८१ सालीं मानवी मायटोकाँड्रियाचें दप्तर संपूर्ण वाचलें गेलें: अक्षरें १६,५६९, जनुकें अवघीं ३७. ज्याचा कारभार हजारांवर प्रथिनांनीं चालतो, त्यानें स्वतःजवळ फक्त १३ प्रथिनांच्या सनदा राखल्या. बाकीच्या केंद्रकाच्या तिजोरींत, आणि त्यांतल्या कित्येक मूळच्या त्याच्याच. घरजांवयानें आपली मिळकत सासऱ्याच्या नांवें करून द्यावी, असा हा प्रकार! दीड-दोन अब्ज वर्षांच्या या संसारानंतर तो घराबाहेर पडला तर जगणार नाहीं.

पाहुण्याचें कुळ असें कळलें. यजमानाचें कळूं लागण्यास २०१५ साल उजाडलें. नॉर्वे व ग्रीनलंड यांमधील समुद्रतळाच्या गाळांत आर्किया वर्गांतील सूक्ष्मजीवांच्या एका घराण्याचा माग लागला. आपल्या पेशींशीं मिळतीं अनेक जनुकें त्यांत होतीं. प्रत्यक्ष जीव मात्र कोणी पाहिला नव्हता. जपानांत इमाची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं समुद्रतळाचा गाळ आणून १२ वर्षांच्या खटपटीनें त्याच गोत्रांतील एक जीव वाढवला, व २०२० सालीं त्याचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. त्याच्या पोटांत पाहुणा कोणीहि नाहीं. परंतु त्याच्या इवल्याशा देहांतून फांद्या फुटलेले लांब हात बाहेर आलेले दिसतात, आणि प्रयोगशाळेंत तो एकटा वाढत नाहीं. शेजारीं दुसरा सूक्ष्मजीव लागतोच.