कोलेस्टेरॉल अंतर्कीलन

मोठ्या रोहिणीच्या (शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीच्या) भित्तीत साचलेला मेदयुक्त थर फुटून त्यातील कोलेस्टेरॉलाचे स्फटिक रक्ताबरोबर वाहत जातात व दूरच्या बारीक रोहिणिका बुजवितात. या विकृतीस ‘कोलेस्टेरॉल अंतर्कीलन’ म्हणतात. स्फटिकांचा उगम बहुधा महारोहिणीत असतो.

इतिहास : डॅनिश शिल्पकार बेर्टेल थॉर्व्हाल्सन हे १८४४ मध्ये कोपनहेगन येथील नाट्यगृहात अकस्मात मृत्यू पावले. शवपरीक्षेत त्यांच्या हृद्‌रोहिणीतील थर फुटून आतील द्रव्य वाहिनीच्या पोकळीत सांडल्याचे आढळले. कोलेस्टेरॉल अंतर्कीलनाचे पहिले वर्णन पेटर लुडविग पानुम यांनी १८६२ मध्ये केले. हे स्फटिक महारोहिणीच्या झिजलेल्या थरांतून येतात, हे कर्टिस फ्लोरी यांनी १९४५ मध्ये शवपरीक्षांच्या आधारे दाखविले. रॉबर्ट हॉलनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये रुग्णांच्या जालपटलातील (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पटलातील) रोहिणिकांत चकाकणारे कण वर्णिले. मृत्यूनंतर दिसणारी विकृती अशा रीतीने जिवंतपणी पाहता आली.

लक्षणे : पायाची बोटे निळी पडतात, पण पावलावरील नाडी बहुधा लागते. त्वचेवर जाळीदार डाग उमटतात. वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य काही आठवड्यांत मंदावते. रोहिणीत नळी घालून केलेल्या तपासणीनंतर वा शस्त्रक्रियेनंतरही विकार उद्‌भवतो. खात्रीचा विशिष्ट उपचार नसल्यामुळे मूळ थर साचू न देणे हाच मुख्य उपाय होय.

पुण्यातील संशोधन : हा थर वाढविणाऱ्या कारणांत मधुमेहाचे स्थान मोठे आहे. कृश दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का होतो, या प्रश्नाचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये त्यांनी मातृपोषणाचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ., तर इंग्‍लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सु. ३.५ किग्रॅ. होते. पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असले, तरी त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. गरोदरपणी ब१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत इन्शुलिनाचा प्रभाव क्षीण होत असल्याचेही २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून उतारवयात प्रकट होणाऱ्या रोहिणीविकारांचा प्रतिबंध मातेच्या आहारापासूनच सुरू व्हावा, या मतास बळकटी मिळाली.