मूत्रपिंडीय अम्लरक्ततेतील पोटॅशियमन्यूनता
मूत्रपिंडातील दूरस्थ नलिकांना आम्ल लघवीत टाकता आले नाही, की रक्त आम्लधर्मी होते. तरीही लघवीचा पीएच ५.५ च्या खाली उतरत नाही आणि पोटॅशियम मात्र वाहून जाते. रक्तात ते लिटरमागे ३.५ मिलिइक्विव्हॅलंटहून कमी होते. त्यामुळे हातपाय अचानक लुळे पडलेला असा रुग्ण कधी कधी पक्षाघाताचा समजला जातो. वास्तविक रक्त-लघवीच्या साध्या तपासण्यांतच सुगावा लागतो. मूतखडे, मुलांची खुंटलेली वाढ ही इतर लक्षणे. प्रौढांत शोग्रेन विकार हे एक प्रमुख कारण. (मूत्रपिंडीय अम्लरक्ततेच्या चौथ्या प्रकारात पोटॅशियम उलट वाढते.) पोटॅशियम सायट्रेट हे नेहमीचे औषध. तीव्र न्यूनतेत आधी पोटॅशियम भरून काढावे, मगच बायकार्बोनेट द्यावे. क्रम उलटल्यास श्वसनाचे स्नायू निकामी होऊ शकतात.