चंद्रकोर आणि बूल मास्तर

इंकस्केपमध्ये चंद्रकोर हाताने गिरवावी लागत नाही. एक वर्तुळ काढायचे, त्यावर दुसरे जरा सरकवून ठेवायचे आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. उरते ती कोर! दोन्ही जोडली तर इंग्रजी आठाचा आकडा, दोघांत सामाईक तेवढेच ठेवले तर डोळा.

या क्रियांना ‘बूलियन’ म्हणतात, ते जॉर्ज बूल (१८१५-१८६४) यांच्या नावावरून. इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा. घरची ओढाताण, म्हणून सोळाव्या वर्षीच मास्तरकी पत्करली, पुढे स्वतःची शाळा काढली. गणित स्वतःच शिकले. विद्यापीठाची पदवी नसताना १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले!

१८५४ च्या ग्रंथात त्यांनी विचारांचे बीजगणित मांडले. पांढऱ्या वस्तू हा एक गट, मेंढ्या हा दुसरा. दोघांचा गुणाकार म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. आपल्या शाळांतले संयोग आणि छेद याच वाटेवरचे.

चित्रकलेशी त्यांचा काही संबंध नव्हता. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढणारे सदरलंड यांचे ‘स्केचपॅड’ आले १९६३ मध्ये, ‘इलस्ट्रेटर’ १९८७ मध्ये, इंकस्केप २००३ मध्ये.

‘सर, याचा उपयोग काय?’ असे मुले संच शिकताना हमखास विचारतात. या प्रश्नाचे उत्तर कधीकधी शंभर-सव्वाशे वर्षांनी येते. तोवर शिकवत राहायचे, एवढेच मास्तरांच्या हाती.