उलट्या प्रतिमेचे कारागीर

कोल्हापूरच्या चित्रपटपरंपरेचा विचार करताना चित्रपटांची नावे आधी घेतली जातात. परंतु त्या परंपरेचा पाया इथल्या कारागिरांनी स्वतः घडवलेल्या एका यंत्राने घातला. ‘पेंटर बंधू’ म्हणून ओळखले जाणारे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री संगीत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. सपाट कापडावर खोलीचा आभास निर्माण करणे, म्हणजेच प्रेक्षकाच्या दृष्टीला वळण लावणे, हाच त्यांचा व्यवसाय होता. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर या बंधूंनी कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव निवर्तले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 मध्ये हे काम पूर्णत्वास नेले.

चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म अखंड धावत नाही: प्रत्येक चौकटीशी ती क्षणभर थांबते, तेव्हा झडप उघडते आणि फिल्म पुढे सरकताना मिटते. त्या काळी हाताने फिरवण्याच्या मुठीच्या एका फेऱ्यात सामान्यतः आठ चौकटी सरकत आणि सेकंदाला दोन फेऱ्यांचा ठेका राखावा लागे. फिल्मच्या छिद्रांत अडकणाऱ्या नख्यांची चाल किंचित चुकली, तरी पडद्यावरचे चित्र थरथरे.

भिंगातून पडणारी प्रतिमा उलटी असल्याने त्या काळच्या चित्रणकाराला बहुधा उलट्या दृश्यावरच रचना जुळवावी लागे. डोळ्याच्या आतील पडद्यावरही प्रतिमा उलटीच उमटते. तरी जग सरळ का दिसते, हे तपासण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी 1896 मध्ये एका डोळ्यावर दृश्य उलटवणारी भिंगे बांधली आणि दुसरा डोळा झाकून घेतला. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठ दिवसांच्या प्रयोगात आरंभी चाचपडणारे हात उलट्या जगाशी हळूहळू जुळत गेले. पाहणे ही केवळ डोळ्याची नव्हे, तर हातापायांच्या सरावाचीही क्रिया आहे, हे त्यातून पुढे आले.

स्ट्रॅटन यांची भिंगे आणि बाबूरावांचा कॅमेरा यांचे हेतू निराळे होते. दोन्हींच्या मुळाशी मात्र पाहण्याची प्रक्रिया साधन घडवून समजून घेण्याची वृत्ती होती. याच कॅमेऱ्याच्या बळावर बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट 1920 मध्ये पडद्यावर आला आणि कॅमेरा जुळवताना बाबूरावांना साहाय्य करणारे दामले 1929 मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.