नदीच्या गाळांतील पारा

पारा जड. नदींत सोडला तर तळाशीं जाऊन बसेल आणि तेथेंच स्वस्थ पडून राहील, अशी एके काळीं सर्वसाधारण समजूत होती. ती खोटी ठरली स्वीडन देशांत. आणि तेथेंहि धोक्याची पहिली सूचना पाण्यांतून आली नाहीं, शेतांतून आली.

१९५० नंतरच्या दशकांत तेथें दाणे टिपणारे पक्षी व त्यांवर जगणारे शिकारी पक्षी मरूं लागले. बियाण्यास बुरशी लागूं नये म्हणून त्यास मिथिल-पारदाचें औषध लावीत असत. संशय त्यावर गेला. पुरावा निघाला तो पदार्थसंग्रहालयांत! तेथें जतन केलेल्या शंभर वर्षांतील पक्ष्यांचीं पिसें संशोधकांनीं तपासलीं. बाज पक्ष्याच्या पिसांतील पारा १९४० च्या सुमारापर्यंत जवळजवळ स्थिर होता; पुढें तो दसपटीहून अधिक वाढलेला दिसला. १९६६ सालीं ह्या औषधावर बंदी आली.

परंतु माशांतहि पारा होता. गुनेल वेस्टो ह्या विदुषीनें १९६६ सालीं दाखविलें कीं, माशांतील बहुतेक सर्व पारा मिथिल-पारदाच्या रूपांत असतो. हेंच कोडें होतें. १९५६ सालीं जपानांतील मिनामाता येथें उघडकीस आलेला, मेंदू व मज्जातंतू पोखरणारा रोग ह्याच विषाचा. पण तेथें तें कारखान्यांतूनच तयार होऊन येत असे. स्वीडनमधील कारखाने तर निराळ्या रूपांतील पारा सोडीत. मग मिथिल-पारद बनविलें कोणीं?

सोरेन येन्सेन व आर्ने येर्नेलोव यांनीं मत्स्यपेटीच्या तळचा गाळ घेतला आणि त्यांत पाऱ्याचा क्षार मिसळला. कांहीं दिवसांनीं गाळांत मिथिल-पारद सांपडलें. गाळ आधीं निर्जंतुक केला असतां मात्र तें मिळेना. १९६९ सालीं हा साधा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि गाळांतील जीवसृष्टि दोषी ठरली. प्राणवायूविरहित चिखलांत सल्फेटावर जगणारे जिवाणू हें काम मुख्यत्वें करतात, असें १९८५ सालीं काँपो व बार्था यांनीं दाखविलें. त्यास लागणारीं दोन जनुकें २०१३ सालीं हातीं आलीं. ह्या उठाठेवींतून जिवाणूंस काय लाभतें, हें कोडें मात्र उरलें. दुसरे कांहीं जिवाणू नेमकें उलट करतात. मिथिल-पारद फोडून पाऱ्याची वाफ करून सोडतात. पण माशांच्या मांसांत शिरलेलें विष सहजासहजीं निघत नाहीं. लहान मासा मोठ्याच्या पोटीं जातां जातां तें पाण्यांतील प्रमाणाच्या लाखों पट होतें.

कॅनडांतील वाबिगून नदींत १९६२ ते १९७० ह्या काळांत ड्रायडन येथील कारखान्यांतून सुमारें ९ ते १० टन पारा गेला. १९७० सालीं त्यास आळा बसला आणि व्यापारी मासेमारीहि बंद झाली. प्रवाहाच्या खालच्या अंगास ग्रासी नॅरोज येथें राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांचें अन्न मासे, आणि मजुरीहि मासे धरावयास येणाऱ्या प्रवाशांची. दोन्ही एकदम गेलीं. पन्नास वर्षें लोटलीं तरी त्या गाळांतील जिवाणूंस कच्चा माल पुरतोच आहे.